पुस्तकाची मागची पानं

पाचवीचं गणिताचं पुस्तक होतं. पहिल्या निम्म्या पानांचे कोपरे मुडपलेले, रिकाम्या चौकटींत पेन्सिलीनं आकडे भरलेले, एका पानावर तेलकट बोटाचा ठसा. निम्म्याच्या पुढं मात्र पुस्तक एकदम नवं. पानं एकमेकांना चिकटलेली. उलटायला गेलं की कोऱ्या कागदाचा वास यायचा.

मी तिला विचारलं, ‘‘पुढचं शिकवलं नाही का अजून?’’

‘‘शिकवितेत की. पण आम्ही तव्हा इकडं असतोत.’’

२०१३ सालचा ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ती मुलगी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातून आईवडिलांबरोबर आली होती आणि आमच्या गावाबाहेर, कृष्णाकाठच्या मोकळ्या रानात, तिच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, पडल्या होत्या. अकरा वर्षांची असेल. कडेवर चौदा महिन्यांचा भाऊ. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि राष्ट्रीय सेवा योजनेतून (एनएसएस) या मुलांना शिकवायला गेले होते.

एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तासांचं काम पूर्ण करायचं असतं, म्हणजे वर्षाला १२०. प्रत्येकाकडं डायरी असते. त्यात तारीख, काम आणि तास लिहायचे. माझ्या गटातल्या बऱ्याच जणांनी वृक्षारोपण आणि स्वच्छता घेतली. मी कोप्यांवरचा संध्याकाळचा वर्ग मागून घेतला. ही मुलं मी लहानपणापासून बघत आले होते.

आमचा तीन एकर ऊस. तोडीची पाळी आली की टोळी आमच्या फडात यायची आणि मी बाबांबरोबर बांधावर जाऊन उभी राहायचे. पुढं कोयत्यांचा सपासप आवाज, मागं बायका मोळ्या बांधतायत, आणि माझ्याच वयाची मुलं वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतायत. मी शाळेच्या गणवेशात असायचे. ‘तुमची शाळा कुठं आहे’ असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. ती मुलं दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतात, उन्हाळ्याच्या तोंडाला जातात, एवढंच मला माहीत होतं, आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

त्या पुस्तकानं ते मनात आणलं. शाळा जूनमध्ये भरते. पहिलं सत्र दिवाळीला संपतं. तिच्या गावाकडच्या, बालाघाट डोंगरातल्या कोरडवाहू रानातलं खरीप निघतं न निघतं तोच टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या दारात येतात, कारण त्याची उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेऊन खर्चून झालेली असते. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं, ते मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे दुसरं सत्र जेवढं चालतं, जवळजवळ तेवढाच गळीत हंगाम चालतो. तिला पहिलीच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग येत होता, दुसरीच्या पुस्तकाचा पहिला अर्धा, तिसरीचाही, चौथीचाही. बेरीज-वजाबाकी पक्की. गुणाकार बरा. भागाकार एका वर्षी सुरू झालेला, पण पुरा झालेला नाही. अपूर्णांक कुठल्याच वर्षी भेटले नव्हते.

मी ठरवलं, अपूर्णांकांपासून सुरुवात करायची.

वर्ग संध्याकाळी साडेसहाला. बांबूच्या चटया कमानीसारख्या वाकवून केलेल्या कोप्या, वर ताडपत्री आणि पाचट. मी घरून एक चार्जिंगचा कंदील घेऊन जायची. समोर कारखाना रात्रभर दिव्यांनी उजळलेला असायचा. चिपाड जाळून तिथं वीज तयार व्हायची, कारखान्याला पुरून उरलेली ग्रीडला विकली जायची, आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या कोप्यांत मिणमिणती चिमणी. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जात. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला की मला बोलणं थांबवावं लागे. सतरा-अठरा मुलं, पाच ते तेरा वयाची, निम्म्यांच्या मांडीवर एकेक लहान मूल.

मी पाटीवर एक गोल काढला, मधून रेघ मारली आणि एका बाजूला बोट ठेवून विचारलं, ‘‘हा किती?’’ कुणी बोललं नाही. मी म्हणाले, ‘‘अर्धा. अर्धा म्हणजे काय, कोण सांगेल?’’

ती लगेच म्हणाली, ‘‘अर्धा कोयता.’’

मला कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं, मास्तरीणबाईला समजावं अशा बेतानं, सावकाश. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. उचल कोयत्याला मिळते, माणसाला नाही. एकटा आला तर तो अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धीच. ‘‘माझ्या चुलत्याची बायको गेल्या साली आजारी पडली, तव्हा त्यो अर्ध्या कोयत्यावर आल्ता. पैसे फिटलेच न्हाईत.’’ मग थोडं थांबून, ‘‘दोन अर्धे मिळून एक कोयता व्हतो, पण दोन गडी असले तर मुकादम न्हाई म्हणतो. मोळी कोण बांधील?’’

अपूर्णांकाची बेरीज तिला येत होती. कशाचं कशात मिसळता येतं आणि कशाचं येत नाही हेही तिला ठाऊक होतं. फक्त ते एकावर एक असं रेघ मारून लिहायचं तिला कुणी दाखवलं नव्हतं. त्या एका संध्याकाळी तिनं पाव, अर्धा आणि पाऊण लिहायला शिकून घेतलं. पाऊण कसं समजवावं याची मला काळजी होती, तर तिनंच सांगितलं की ट्रॉली पाऊण भरली की चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा चिठ्ठी देणारा माणूस, येतो.

हे मी अभिमानानं घरी सांगितलं. मुलं किती हुशार आहेत, थोडं लक्ष दिलं की कशी पुढं जातील. माझा तोवरचा समज असा होता की या मुलांकडं कुणाचं लक्ष नाही, आईबापांना शिक्षणाचं महत्त्व पटलेलं नाही, आणि आमच्यासारख्यांनी संध्याकाळचे दोन तास दिले तर बरंचसं भरून निघेल.

बरंचसं म्हणजे किती, हे मी एकदा डायरी पुढं घेऊन खरंच मांडून बघितलं. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात मुलाला वर्षाला किती शाळा मिळायला हवी ते लिहिलेलं आहे. पहिली ते पाचवी किमान २०० दिवस, ८०० तास. सहावी ते आठवी २२० दिवस, १००० तास. दुसरं सत्र बुडालं की ढोबळमानानं वर्षाचे ४०० तास गेले. पाच इयत्तांचे मिळून २०००. आणि माझे वर्षाचे १२०. त्यातले बैठकांचे, जाण्यायेण्याचे वजा केले तर कोपीवरचे सत्तरच्या आसपास. ते सत्तरही अठरा मुलांत वाटलेले. त्यात ती हंडा घेऊन पाण्याला गेलेली असायची, भाऊ रडत असायचा, कधी आई उशिरा फडातून आल्यामुळं भाकरी तिनंच टाकायची असायची. तिच्या एकटीच्या वाट्याला माझे तीस तासही आले नसतील. मी तो कागद बराच वेळ समोर ठेवून बसले होते.

कागदावर ती दरवर्षी पुढं जात होती. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा तेव्हा त्या कायद्याचा नियम होता. त्या नियमावर लोक फार बोलायचे, मुलं न शिकता वर जातात म्हणून. मला आजही वाटतं की तिला नापास करणं हा तिच्यावर आणखी एक अन्याय झाला असता. शाळा तिच्या हातून सुटत होती ती तिच्या चुकीनं नव्हे.

मग मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. कोप्यांपासून दोन किलोमीटर. कायद्यानं तिला तिथं बसायचा हक्क होता, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवायचं नाही. मी वाद घालायच्या तयारीनं गेले होते. मुख्याध्यापकांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, ‘‘कायदा राहू दे बाळ. उद्या घेऊन ये. कागद मागनं बघू.’’

ती दुसऱ्या दिवशी गेली. वेणी घालून, पुस्तक छातीशी धरून. तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी भावाला घेऊन गेली. कुणी काही बोललं नाही, बाईंनी उलट त्याला बिस्कीट दिलं. पण तो रडायला लागला की ती उठून व्हरांड्यात जायची, निजला की आत यायची, पुन्हा उठायची. पाचव्या दिवशी ती व्हरांड्यातच बसून राहिली. सहाव्या दिवशी गेलीच नाही.

मला राग आला होता, आणि तो मी तिच्या आईवर काढायला गेले. संध्याकाळची वेळ, ती बाई पहाटे चारला फडात गेलेली, नुकतीच परतली होती. हातांना उसाच्या पात्यांनी कापलेलं. मी म्हणाले, ‘‘मावशी, मुलीला शाळेत का पाठवत नाही? धाकट्यासाठी तिचं नुकसान का करता?’’

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, ‘‘ताई, मग ह्याला कुठं ठिवू? फडात ठिवला तर सापकिरडू. पाचटात निजिवलं आन् टॅक्टर मागं आला तर? मागच्या साली एका टोळीत झालं तसं. खाडा केला तर मुकादम पैसे कापितो. तुम्हीच सांगा.’’

मी विचारलं, मुलीला गावालाच का नाही ठेवलं. तिचा मधला भाऊ, तिसरीतला, तिकडंच होता. आईबाप तोडीला गेले की मागं राहणाऱ्या मुलांसाठी सरकारचं हंगामी वसतिगृह असतं, दोन वेळचं जेवण आणि शाळा सुटत नाही. तो आजीजवळ निजायचा आणि वसतिगृहात जेवायचा. योजना चांगली आहे, आजही वाटतं की ती वेळेवर आणि प्रत्येक गावात चालली पाहिजे. पण ती योजना मागं राहणाऱ्या मुलासाठी होती. मोठ्या मुलीला मागं ठेवलं तर आईच्या जिवाला घोर, आणि इकडं तान्ह्याला बघायला कुणी नाही. म्हणून लेक बरोबर यायची. घरातल्या शाळेच्या वयाच्या दोन मुलांपैकी एकाची शाळा सरकार सांभाळत होतं आणि दुसरीच्या शाळेतून तान्ह्याचं संगोपन होत होतं.

‘‘मी बी आशीच यायचे,’’ ती बाई म्हणाली. ‘‘ह्येच्या मामाला काखंत घिऊन. त्यो आता मिल्ट्रीत हाय.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भावाचं कौतुक होतं. मी उत्तर न देताच घरी आले.

त्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी जोतीराव फुल्यांचं इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन काढून वाचलं. शाळेत आम्हाला १८४८ ची मुलींची शाळा पाठ होती, १८८२ चं हे निवेदन एका ओळीत उरकलेलं. जोतीरावांचं म्हणणं असं की सरकारी तिजोरीतला पैसा बहुतांशी रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावर तो खर्च होतो तेव्हा लाभ मात्र वरच्या थरांना मिळतो. म्हणून खालच्या वर्गांचं प्राथमिक शिक्षण आधी, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचं करा.

त्या निवेदनातली रयत म्हणजे आम्हीच. माझ्या पणजोबांना सही येत नव्हती. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, आणि तिच्या वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका करत माझे आजोबा मॅट्रिक झाले. आमच्या घरातलं शिक्षण तिथून सुरू होतं. घरात याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

पण माझी फी कशातून भरली जायची? जून जवळ आला की आई म्हणायची, ‘‘बिल निघू दे.’’ म्हणजे उसाचं बिल. मी ज्या कॉलेजात शिकत होते ते कारखान्याच्या माणसांनी उभं केलेलं. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर या पट्ट्यात अशी कॉलेजं निघाली, आणि कित्येक ठिकाणी त्यामागं साखरेचा पैसा आणि शेतकऱ्याच्या बिलातून टनामागं झालेली कपात होती. माझ्यासारख्या हजारो मुली त्यामुळं शिकल्या. तो ऊस तोडला कुणी? ज्या फडाच्या बांधावर मी गणवेशात उभी राहायचे, त्याच फडातली मोळी तिच्या आईनं डोक्यावरून वाहिली होती. त्या मोळीतून माझी इयत्ता पुढं सरकली आणि तिच्या पुस्तकाची मागची पानं कोरी राहिली. जोतीरावांनी ज्यांच्या बाजूनं लिहिलं तिथं माझे पणजोबा होते. मी आता त्या निवेदनातल्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी होते, आणि तिथं पोचायला मला कुणाचं काही हिसकावून घ्यावं लागलं नव्हतं. नुसतं मोठं व्हावं लागलं होतं.

बाबांना मी हे सांगितलं. त्यांना ते लागलं. ‘‘आम्ही काय त्यांना लुटतो का? ऊस वेळेत तुटला नाही तर आमचंच वजन घटतंय,’’ असं म्हणाले. ते खरंच होतं. दोन दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, ‘‘त्या लेकरांना नेमकं काय पाहिजे म्हणतेस?’’

नेमकं काय पाहिजे हे मला तोवर कळलं होतं, आणि खरं तर महाराष्ट्रात ते कधीच कळलेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम करायला लागल्या तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं की मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरांमागं असतं नाही तर धाकट्याला सांभाळत असतं. गुरांमागच्या मुलांसाठी त्यांनी कुरणावर शाळा नेली. धाकट्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणली, त्याला विकासवाडी म्हटलं. थोरली भावंडाला घेऊनच यायची, त्याला एका खोलीत ठेवायची आणि शेजारच्या खोलीत शिकायला बसायची. हे मी वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो व्हरांडा आला. मी तिला शिकवायला माणूस शोधत होते, शिक्षक तर दोन किलोमीटरवर होता आणि चांगला होता. तिला भावाला घेणारे दोन हात हवे होते.

त्या हंगामात ते जमलं नाही. पट्टा पडला आणि टोळी एका रात्रीत निघून गेली. सकाळी मी गेले तर चुलींची राख आणि पाचट. निरोपाला मी पोचू शकले नाही.

पुढच्या हंगामाला आम्ही आधीपासून तयार होतो. कारखान्याच्या शेतकी खात्यानं कोप्यांजवळची एक रिकामी खोली दिली. बाबांनी आणि शेजारच्या दोघांनी ती सारवून, दाराला फळी लावून दिली. आम्ही चौदा विद्यार्थी आळीपाळीनं, आणि दिवसभरासाठी आमच्या गल्लीतल्या एक काकू, ज्यांनी स्वतःची चार आणि जावेची तीन वाढवलेली. पाळणे म्हणजे आडव्या वाशाला बांधलेल्या साड्या. पहिल्या दिवशी तीन मुलं आली, महिन्याभरात नऊ. आयांनी सहज विश्वास टाकला नाही. पहिले आठ दिवस त्या पाण्याचं निमित्त करून फडातून बघायला येत.

ती टोळी आली होती. ती मुलगी आता सहावीत होती, उंच झालेली. भाऊ दोन वर्षांचा, दुडुदुडु पळणारा. रोज सकाळी ती त्याला आत सोडायची आणि शाळेच्या रस्त्याला लागायची, आणि वळणापर्यंत दोन-तीनदा मागं बघायची. तो रडला तर परत फिरायची. काकू मग दारात उभं राहून हातानं ‘जा जा’ करत.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. आमच्या परीक्षा आल्या तेव्हा पोरं येईनात, काकूंच्या एकटीच्यानं नऊ आवरेनात, आणि अकरा दिवस खोली बंद राहिली. त्या अकरा दिवसांचं शाळेचं हजेरीपत्रक मी नंतर बघितलं. कोप्यांवरच्या मोठ्या मुलींच्या नावापुढं तेच अकरा दिवस कोरे. आमचा खाडा तिथं मुलींच्या नावावर लागला होता. परीक्षा मलाही होती, ती मी दिली आणि पास झाले.

माझ्या डायरीत त्या वर्षी बहुतेक पानांवर एकच काम आहे. ‘बाळं सांभाळली. तास ४.’ एका पानावर, ‘दोघांना ताप. तास ६.’

जानेवारीच्या शेवटाला एका दुपारी ती शाळेतून आली, भावाला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं गणिताचं पुस्तक माझ्यापुढं उघडलं. सहावीचं. पान निम्म्याच्या बरंच पुढचं होतं. उदाहरणं सोडवलेली, एकाला बाईंची बरोबरची खूण. तिचा चेहरा मात्र पडलेला होता.

‘‘ताई, रागावू नगा. भाकरी करताना वाचत व्हते. इथं तेलाचं बोट लागलं.’’